बायकोला प्रवेश मिळाला, मी काय करू? : जोडीदाराच्या व्हिसाचा अनुभव

२०२२ च्या मार्चमध्ये बायकोला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पीएचडीला प्रवेश मिळाला. विषय वनस्पतिरोगशास्त्र. तिचं माहेर रावेर तालुक्यातलं, केळीच्या बागांमधलं. करपा आणि सीएमव्ही ही केळीच्या रोगांची नावं ती लहानपणापासून ऐकत आलेली. घरात पेढे वाटले. माझी आजी अमळनेरची. तिनं पेढा हातात धरूनच विचारलं, "बायको शिकी, पन तू तठे काय करशी रे भाऊ?"

मी तेव्हा जळगावात ठिबक सिंचनाच्या कामात सात वर्षं मुरलेला होतो. म्हणालो, "बघतो काहीतरी काम तिथं गेल्यावर." आजीचा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर चुकीचं. विद्यार्थ्याचा व्हिसा एफ-१, त्याच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा एफ-२, आणि एफ-२ वर नोकरी करता येत नाही. अर्धवेळही नाही, कॅम्पसवरही नाही. हे मला तिकिटं काढायच्या महिनाभर आधी कळलं. तोवर दुसऱ्या देशांचा विचार करायची वेळ निघून गेली होती. म्हणून आमच्याकडून नवरा-बायको मिळून बाहेर जायचं ठरवणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं, की विद्यापीठाची यादी करतानाच जोडीदाराला तिथं काय करता येईल हा रकाना त्या यादीत घाला.

कागदांचं सांगतो, कारण आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथं गेला. एफ-२ साठी विद्यापीठ जोडीदाराच्या नावानं वेगळा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा विद्यापीठाचा दाखला, देतं. त्याआधी ते दोघांचा खर्च भागेल एवढे पैसे दाखवायला सांगतं आणि लग्नाचा दाखला मागतं. आमचं लग्न गावात झालेलं, नोंदणी केलेलीच नव्हती. ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे गेलो. लग्नपत्रिका, फोटो, तीन साक्षीदार, भटजींची सही आणि उशिराचं शुल्क. दाखला हातात आला तेव्हा बायकोच्या नावापुढे माझं नाव लागलेलं, पासपोर्टवर मात्र तिच्या वडिलांचं. वर इंग्रजीत 'पाटील' लिहिताना पासपोर्टवर एक 'आय', दाखल्यावर दोन 'ई'. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण परदेशातल्या कारकुनाला ती दोन वेगळी माणसं दिसतात. भाऊसाहेबांनी ऐकून घेतलं, पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर बोटानं जुळवत नवा दाखला लिहिला. त्यात लग्नाआधीचं पूर्ण नावही घातलं. तुमचं लग्न ठरलं असेल आणि बाहेर जायचं मनात असेल, तर हळद उतरली की पहिली फेरी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत मारा. पासपोर्ट सोबत न्या.

सेविस ही परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद. तिचं शुल्क, म्हणजे ३५० डॉलर, फक्त विद्यार्थ्याला भरावं लागतं, एफ-२ ला नाही. व्हिसाचं शुल्क मात्र दोघांना वेगवेगळं. आमच्या वेळी ते १६० डॉलर होतं, २०२३ मध्ये १८५ झालं. डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्जही प्रत्येकाचा स्वतंत्र. जळगावहून रात्रीच्या गाडीनं निघून मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत आम्ही दोघं एकाच खिडकीपुढे उभे राहिलो. अधिकाऱ्यानं बायकोला संशोधनाबद्दल विचारलं आणि मला एकच, "तुम्ही तिथं काय कराल?" पुन्हा आजीचाच प्रश्न. यावेळी मी खरं तेच सांगितलं: नोकरी करता येत नाही हे मला माहीत आहे, दोघांचा खर्च बायकोच्या असिस्टंटशिपमधून, म्हणजे विद्यापीठातल्या कामाच्या मानधनातून, आणि आमच्या बचतीतून भागेल, मी एखादा अर्धवेळ अभ्यासक्रम करीन. दोघांचे पासपोर्ट ठेवून घेतले, म्हणजे व्हिसा मंजूर.

तिथं पोचल्यावर पहिला हिवाळा फार जड गेला. बायको सकाळी आठला लॅबमध्ये जायची. सात वर्षं रोज शेतावर पाइप अंथरायला उभा राहणारा माणूस खिडकीशी बसून बर्फ बघायचा. कोणी विचारलं की "मी सध्या घरी असतो" हे वाक्य तोंडातून निघायला मला तीन महिने लागले. घरी फोनवर मी हे कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

पुढे सुरळीत झालं. मान्यताप्राप्त संस्थेत एफ-२ ला अर्धवेळ शिकता येतं. मी कम्युनिटी कॉलेजात जीआयएसचे, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचे, दोन विषय घेतले. पूर्णवेळ पदवी करायची तर आधी स्वतःचा एफ-१ मंजूर करून घ्यावा लागतो. सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे तिथला सरकारी ओळख क्रमांक, मिळत नाही, पण बऱ्याच राज्यांत तो मिळत नसल्याचं पत्र दाखवून वाहन परवाना काढता येतो. तो आधी काढा, गाडी चालवता आली की अर्धा एकटेपणा जातो. जोडीदाराचा आरोग्य विमा महाग असतो, तो खर्चात धरा. भारतातल्या कंपनीचं काम तिथं बसून लॅपटॉपवर करायचं म्हणाल, तर तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय करू नका. आणि बायकोला पुढे एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळाला म्हणजे नवरा लगेच कामाला लागतो असंही नाही. त्याला मिळतो एच-४, आणि एच-४ वर काम करायला तिचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत जावं लागतं. जे-१ या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या व्हिसाचं मात्र वेगळं आहे. त्याच्या जोडीदाराला, म्हणजे जे-२ ला, कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. पण काही जे-१ वाल्यांना शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते, ती आधी तपासा.

बाकीच्या देशांचं थोडक्यात. ब्रिटननं १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या नेहमीच्या एक वर्षाच्या मास्टर्सवाल्यांना जोडीदार नेणं बंद केलं. पीएचडी, संशोधनाचं मास्टर्स किंवा सरकारी शिष्यवृत्ती असेल तरच नेता येतो, आणि गेला तर त्याला जवळजवळ कुठलंही काम करता येतं. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभार जोडीदाराचाही वर्षाला ७७६ पौंड. कॅनडानं २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराचा ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करायचा परवाना, १६ महिने किंवा त्याहून मोठ्या मास्टर्सला, पीएचडीला आणि काही ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांना मर्यादित केला. त्यानंतरही एका सल्लागारानं माझ्या ओळखीच्या मुलाला कॉलेजच्या डिप्लोमावर "स्पाऊस ओपन आहे" म्हणून फी भरायला लावली. एजंटाचं ऐका, पण अर्ज भरायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः वाचा. ऑस्ट्रेलियात जोडीदाराला पंधरवड्यात ४८ तास काम करता येतं, विद्यार्थी कुठल्याही मास्टर्सला किंवा पीएचडीला असेल तर मर्यादा नाही. जोडीदार नंतर येणार असला तरी पहिल्याच अर्जात त्याचं नाव घालावं लागतं.

जर्मनी मला जोडप्यांसाठी सगळ्यात चांगली वाटते, तयारी करायची असेल तर. जोडीदाराला सहसा आधी ए-१, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीची जर्मन भाषेची परीक्षा पास व्हावी लागते, पण कुटुंब म्हणून तिथं पोचल्यावर नोकरीला आडकाठी नाही. धुळ्याच्या माझ्या मावसबहिणीनं हाच रस्ता धरला आहे. नवऱ्याचा प्रवेश यायच्या आधीच तिनं पुण्यात क्लास लावला. परवा फोनवर तिनं आजीला जर्मनमध्ये आकडे म्हणून दाखवले, शंभरपर्यंत, न अडखळता.