वनस्पतींचा डेटा जगाला देताना या चुका टाळा

मुंबईतल्या कॉलेजांमधले विद्यार्थी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, आरेत, ठाण्याच्या खाडीकाठी पानं गोळा करतात, मोजतात, वजन करतात. प्रोजेक्ट जमा झाला की ते आकडे तसेच पडून राहतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण या आकड्यांना खरोखर मागणी आहे. जर्मनीतल्या येना इथल्या माक्स प्लांक संस्थेत २००७ पासून 'ट्राय' हा डेटाबेस चालतो. पानाचं क्षेत्रफळ, लाकडाची घनता, बीचं वजन, झाडाची उंची असे वनस्पतींचे गुणधर्म जगभरातून तिथे जमा होतात. २०२२ च्या सहाव्या आवृत्तीत दीड कोटीहून जास्त नोंदी होत्या आणि त्या तीन लाखांहून जास्त प्रकारच्या वनस्पतींच्या होत्या. तरीही उष्ण प्रदेशांतल्या कितीतरी झाडांच्या रकान्यांत अजून काहीच नाही. आपण तिथे नक्की भर घालू शकतो. पण तो डेटा वापरणाऱ्याला आपलं झाड दिसत नाही, दिसते ती फक्त आपली आकड्यांची शीट. म्हणून पुढच्या गोष्टींत ढिलाई नको.

पान वाळवलं, पण पुन्हा ओलं झालं

सगळ्यात जास्त मोजल्या जाणाऱ्या गुणधर्मांपैकी एक म्हणजे एसएलए (स्पेसिफिक लीफ एरिया): ताज्या पानाचं एका बाजूचं क्षेत्रफळ भागिले त्याच पानाचं कोरडं वजन. मोजमापाची जी पद्धत जगभर मानली जाते, तिच्यात पान ७० अंश सेल्सिअसला किमान ७२ तास ओव्हनमध्ये ठेवायला सांगतात. तेवढं बहुतेकजण करतात. गडबड होते ती त्यानंतर. जुलैतल्या मुंबईच्या हवेत ओव्हनमधून काढलेलं पान लगेच ओल धरायला लागतं. चार दशांश स्थळं दाखवणाऱ्या तराजूवर ठेवा, शेवटचे आकडे डोळ्यांदेखत वर चढताना दिसतील. पानांची सगळी पाकिटं एकदम बाहेर काढून टेबलावर मांडली, तर शेवटच्या पानाचं वजन पहिल्यापेक्षा जास्त ओल घेऊन येतं आणि एसएलए कमी भरतो. पाकिटं ओल शोषणारं सिलिका जेल असलेल्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवाबंद भांड्यात, थंड करा आणि एकेक काढून वजन करा. जेलचा निळा रंग उडून तो गुलाबी झाला असेल, तर आधी जेल वाळवून घ्या.

खाडीतल्या तिवराचा, म्हणजे खारफुटीच्या झाडाचा, प्रश्न वेगळाच. तिवर पानांवाटे मीठ बाहेर टाकतो. कोरड्या दिवसांत पानावरून बोट फिरवलं तर ते खरखरीत लागतं. ते मीठ पुसलं नाही तर तेही वजनात धरलं जातं. पान गोड्या पाण्यात धुवा, टिपून घ्या आणि धुतल्याची नोंद शीटमध्ये करा. नोंद नसेल तर तुमचा तिवर आणि दुसऱ्या कुणाचा तिवर यांची तुलनाच होत नाही.

देठ धरला की नाही, हेही लिहा. गुलमोहर, शिरीष अशा संयुक्त पानांच्या झाडांत तर एक पर्णिका मोजली की मधल्या दांड्यासकट अख्खं पान, यावर आकडा पार बदलतो. पान उन्हातलं होतं की सावलीतलं, कोवळं होतं की पूर्ण वाढलेलं, हे चार शब्दही सोडू नका.

एकक आणि सरासरी

एसएलएचा व्यस्तांक म्हणजे एलएमए: कोरडं वजन भागिले क्षेत्रफळ. कुणी एक देतं, कुणी दुसरा. रूपांतर करताना नेहमीची चूक अशी की आधी सरासरी काढायची आणि मग ती उलटी करायची. समजा दोन पानांचे एसएलए १० आणि २० चौरस मीटर प्रति किलो आहेत. सरासरी १५, ती उलटवली की सुमारे ६७ ग्रॅम प्रति चौरस मीटर. पण त्याच पानांचे खरे एलएमए १०० आणि ५०, म्हणजे सरासरी ७५. यावर उपाय एकच: सरासरी पाठवूच नका, प्रत्येक पानाची ओळ पाठवा. मोजलं नसेल तिथे शून्य भरू नका, रकाना रिकामा ठेवा.

झाड समुद्रात कसं गेलं?

फोनवर १९ अंश १३ मिनिटं उत्तर, ७२ अंश ५४ मिनिटं पूर्व दिसलं आणि शीटमध्ये १९.१३, ७२.५४ लिहिलं, की राष्ट्रीय उद्यानातलं झाड थेट अरबी समुद्रात. मिनिटांना ६० ने भागायचं असतं. बरोबर उत्तर १९.२२ आणि ७२.९०. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर तेच झाड नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात पोचतं. पाठवण्यापूर्वी सगळे बिंदू एकदा नकाशावर टाकून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

नावांचंही तसंच. नुसता 'कुडा' लिहून भागत नाही: पांढरा कुडा म्हणजे होलऱ्हिना, काळा कुडा म्हणजे राइटिया. शास्त्रीय नाव द्या, आणि ज्या नावाने झाड ओळखलं तेच मूळ रकान्यात राहू द्या. बाभळीचं शास्त्रीय नाव अकेशिया निलोटिका होतं, ते आता व्हॅचेलिया निलोटिका झालंय. नवं नाव शेजारच्या रकान्यात लिहा, जुनं पुसू नका. शंका असेल तर नमुना दाबून वाळवा आणि सेंट झेवियर्समधल्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात जाणकारांना दाखवा.

रस्त्याकडेचा, पाणी घातलेला पर्जन्यवृक्ष आणि जंगलातला ऐन एकाच खणात टाकू नका. लावलेलं की आपोआप उगवलेलं, हा एक रकाना ठेवाच.

परवानगी

उद्यानातून किंवा कांदळवनातून पानं तोडायला वनविभागाची लेखी परवानगी लागते. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्यात संशोधनाचे निष्कर्ष परदेशी व्यक्ती-संस्थांना देण्याबद्दल तरतुदी आहेत. डेटा पाठवण्याआधी आपल्या गाईडशी आणि संस्थेशी बोलून घ्या. नमुना गोळा करणाऱ्या प्रत्येकाचं नाव श्रेयात घाला. पावसात चिखल तुडवणाऱ्या मुलांची नावं बऱ्याचदा इथेच गळतात.

आकडा संशयास्पद ठरला तर

ट्राय प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब आहे, ते दाखवतं. तुमचा आकडा फार लांबचा निघाला म्हणून घाईने खोडू नका. आधी एकक तपासा, मग दशांश चिन्ह, मग ज्यावरून क्षेत्रफळ काढलं तो पानाचा स्कॅन. सगळं बरोबर असेल तर आकडा तसाच राहू द्या. खाऱ्या चिखलातली झाडं खरोखरच वेगळी असतात. म्हणून मूळ स्कॅन, वजनाची वही आणि कच्ची शीट प्रोजेक्ट संपल्यावरही जपा, आणि पत्रव्यवहारासाठी कॉलेजचा नव्हे, कायम चालू राहील असा ईमेल द्या. डेटा वापरणाऱ्याची शंका विद्यार्थी पास होऊन गेल्यावरही येऊ शकते.