ठाण्यातून परदेशातील बँक खात्यात पैसे कसे पाठवावेत

परदेशात शिकणाऱ्या मुलांना पैसे पाठवणारी घरे आता ठाण्यात सोसायटीगणिक सापडतात, तरी बँकेत परदेशी रक्कम पाठवण्याचा अर्ज, म्हणजे ए-२ फॉर्म समोर आला की भलेभले गोंधळतात. पैसे अडकतात ते बहुतेक वेळा आपणच त्या फॉर्मवर लिहून दिलेल्या चुकीमुळे.

म्हणून आधी मुलाकडून खातेदाराचे नाव, बँकेचा पत्ता, ८ किंवा ११ अक्षरी स्विफ्ट कोड (बँकेची आंतरराष्ट्रीय ओळख) आणि युरोपातील खाते असल्यास आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) मागवावा, आणि तो फोनवर ऐकून न लिहिता बँकेच्या अ‍ॅपमधून जसाच्या तसा घ्यावा. जर्मनीचा आयबॅन 'डीई'पासून सुरू होतो व २२ अक्षरांचा असतो. 'डीई'नंतरचे दोन अंक पडताळणीचे असल्याने एखादा आकडा चुकला तर ते लगेच कळते. अमेरिकेत आयबॅन नसतो, तेथे बँक ओळखणारा ९ अंकी राउटिंग क्रमांक लागतो. नावाची काळजी मात्र आपणच घ्यावी. आपल्याकडचे मधले, म्हणजे वडिलांचे नाव पासपोर्टवर मुलाच्या नावाला जोडून येते आणि तिकडच्या खात्यात कधी गळते, त्यामुळे खात्यावर आहे तेच नाव फॉर्मवर लिहावे.

त्यानंतर हेतू ठरवावा. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार (एलआरएस) निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते. पॅन अनिवार्य आहे. फी असेल तर शिक्षणाचा हेतू नोंदवून प्रवेशपत्र व फीची मागणी जोडावी. सरसकट 'कुटुंबाचा निर्वाह' लिहू नये, कारण हेतूनुसार टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो आयकर ठरतो. १ एप्रिल २०२५ पासून वर्षभरात १० लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून फी भरल्यास त्यापुढेही नाही. कापलेला टीसीएस २६-एएस या आयकर खात्याच्या करपत्रकात दिसतो व विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

खरी मेख दरात असते. 'शुल्क शून्य' ही पाटी वाचून हुरळून जाऊ नये. बँक देत असलेला टीटी विक्री दर, म्हणजे ती आपल्याला परदेशी चलन ज्या भावाने विकते तो, त्या दिवशीच्या बाजारभावाशी ताडून पाहावा आणि जीएसटीसह एकूण किती रुपये जातील व किती युरो पोहोचतील, एवढे दोनच आकडे विचारावेत. खर्च कोणी सोसायचा, हा रकानाही असतो. पहिल्या वेळी मी तेथे न वाचताच 'वाटून' या पर्यायावर खूण केली. मधल्या बँकेने आपला आकार कापून घेतला आणि मुलीच्या विद्यापीठात फी १८ युरोंनी कमी पोहोचली. तेवढ्यासाठी पुन्हा सगळा खटाटोप करावा लागला. फी भरताना पूर्ण खर्च पाठवणाऱ्याकडे, हाच पर्याय निवडावा.

शुक्रवारी दुपारी पाठवलेले पैसे बहुधा सोमवारपर्यंत तिकडे जमा होत नाहीत, म्हणून मुदत जवळ असेल तर आठवड्याच्या सुरुवातीलाच शाखा गाठावी. निघताना स्विफ्ट कॉपी, म्हणजे पाठवलेल्या संदेशाची प्रत मागून घ्यावी; तिच्यावरील यूईटीआर या व्यवहाराच्या ओळख क्रमांकावरून रक्कम कोणत्या बँकेत थांबली आहे, हे शोधून देण्यास आपल्या शाखेला सांगता येते.