माफ करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात (मत्तय 18) येशू एक दाखला सांगतो: राजा एका चाकराचं 10,000 तालांतांचं, म्हणजे जन्मात फिटणार नाही असं कर्ज सोडतो, आणि तोच चाकर बाहेर येऊन 100 दीनारांसाठी सोबत्याची नरडी धरतो. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा सोबत्याचं देणंही तीन महिन्यांच्या कमाईएवढं होतं, किरकोळ नव्हतं. तुमचं दुखणं लहान आहे असं येशू कुठेच म्हणत नाही.

म्हणून आधी हिशोब मांडा. कोणी काय केलं आणि त्यात माझं काय गेलं, ते कागदावर लिहा. “भावानं फसवलं” एवढं पुरत नाही. “वाटणीत विहिरीकडचा तुकडा त्यानं घेतला. उताऱ्यावरून माझं नाव गेलं. आईच्या मातीला आला, पण माझ्याशी बोलला नाही.” असं एकेक लिहा. मग प्रत्येक ओळ देवापुढे मोठ्यानं वाचा आणि म्हणा, “प्रभू, हे देणं मी सोडलं.” बहुतेकांचं अडतं ते इथेच. सगळं एका दमात ढोबळपणे सोडलं की न मोजलेलं दुखणं चार दिवसांनी वर येतं. कागद लगेच जाळा. घरात राहिला तर कुणाच्या तरी हाती लागतो आणि नवं भांडण उभं राहतं.

राग पुन्हा येईल, त्यानं क्षमा खोटी ठरत नाही. आला की त्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करा, तीही नेमकी: त्याच्या मुलीच्या परीक्षेसाठी, त्याच्या उसासाठी.

बोलायला एकटे जा (मत्तय 18:15). खानापूर काय, निपाणी काय, आपल्या बेळगाव भागात भाऊबंदकीची गोष्ट आधी मामाकडे जाते, मग गल्लीत, मग मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि ज्याला सांगायची त्याच्या कानावर सगळ्यात शेवटी. उपासना सुटल्यावर चर्चच्या दारात किंवा लग्नाच्या पंगतीत विषय काढू नका. चार माणसांत कोणी चूक कबूल करत नाही. घरी जा, चहा होऊ द्या, सगळ्यात जड असलेली एकच गोष्ट सांगा. ऐकलं नाही तर पुढच्या खेपेला एक-दोघांना सोबत घ्या, मग मंडळीला सांगा.

तरीही तो बधला नाही तर? क्षमा एकट्यालाही करता येते, समेटाला दोघं लागतात. बायबलमधल्या योसेफाला त्याच्या भावांनी विकलं होतं; पुढे ते समोर आले तेव्हा त्यानंही लगेच ओळख दिली नव्हती. धाकट्या भावाशी, बन्यामिनाशी ते कसे वागतात ते आधी पाहिलं. बांधाचा वाद असेल तर सर्वेयर आणून मोजणी करून घ्या. जमिनीचे कागद इथे कन्नडमध्ये असतात, वाचता येत नसतील तर विश्वासातल्या माणसाकडून वाचून घ्या. “माफ केलंस ना, मग कर सही” असं कोणी म्हणालं तर अजिबात सही करू नका.

आणि घरात मारहाण होत असेल तर “सोसत राहा” हा सल्ला पाळकानंसुद्धा देऊ नये. आधी तिथून बाहेर पडा, 112 किंवा महिलांसाठीच्या 181 वर फोन करा. क्षमेचं सुरक्षित झाल्यावर बघता येईल, त्याची घाई दुसऱ्या कुणी करायची नाही.