क्रेन म्हणजे बगळा नव्हे: या चुका टाळा

बालवाडीच्या तक्त्यावर एका पायावर उभा असलेला पांढराशुभ्र बगळा आणि त्याखाली 'क्रेन' हा शब्द, असं आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलंय. तेव्हा बसलेली ही गाठ मोठेपणी लिहिताना, भाषांतर करतानाही सुटत नाही.

बगळा इंग्रजीत 'एग्रेट' किंवा 'हेरॉन'. गुरांच्या पायांशी किडे टिपत फिरणारा गायबगळा हा 'कॅटल एग्रेट', मोठा राखाडी बगळा हा 'ग्रे हेरॉन'. 'क्रेन'चं कूळच निराळं: सारस, क्रौंच ही मंडळी. फरक मानेत आहे. उडताना बगळा मान आखडून घेतो, क्रेन ती भाल्यासारखी पुढे ताणतो. करकोचा, म्हणजे 'स्टॉर्क', हाही मान ताणूनच उडतो. तिथे दुसरी खूण बघायची. करकोचे झाडांवर बसतात, त्यांचा आवाज जवळपास नसतोच, चोची मात्र खडखडवतात. आपल्याकडचे क्रेन झाडावर बसत नाहीत आणि त्यांची साद लांबवर ऐकू जाते. मराठीत 'करकोचा' हे नाव काही ठिकाणी दोन्ही पक्ष्यांना लावतात, त्यामुळे नुसता शब्दकोश पाहून भागत नाही.

शक्य असेल तर एकदा गोंदियाच्या धानशेतीत सारसाची जोडी बघा. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच हाच, सहा फुटांच्या आसपास. महाराष्ट्रात तो थोडाच उरलाय आणि मुख्यतः याच भागात. ती लांब मान शेताच्या बांधावरून वर आलेली एकदा पाहिली, की या शब्दाचे बाकीचे अर्थ समजावून सांगावे लागत नाहीत.

कारण बांधकामावरची क्रेन याच मानेवरून आली. प्राचीन ग्रीकांनीही ओझं उचलणाऱ्या यंत्राला क्रौंचाचंच नाव दिलं होतं, 'गेरानोस'. फ्रेंचमध्ये आजही पक्षी आणि यंत्र या दोघांनाही 'ग्र्यू' हा एकच शब्द आहे.

क्रियापदातही तीच मान. 'शी क्रेन्ड हर नेक टू सी द पालखी' म्हणजे गर्दीतून दिसावं म्हणून तिने मान उंचावली. इथे दोन चुका नेहमी होतात. एक, मान डोलावणे किंवा नुसती वळवणे यासाठी हे क्रियापद वापरलं जातं. तसं चालत नाही. काहीतरी नीट दिसावं म्हणून ताण देणं यात हवंच. दुसरी, झोपेत मान अवघडली की 'क्रेन' लिहिलं जातं. तिथे शब्द आहे 'क्रिक': 'आय हॅव अ क्रिक इन माय नेक'.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते 'कागदी बगळे'. हिरोशिमाची सादाको सासाकी अणुबॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला आणि इस्पितळात ती कागदाचे क्रेन घडत राहिली. 1955 मध्ये ती गेली. 1958 मध्ये हिरोशिमात उभारलेल्या मुलांच्या शांतिस्मारकात वरच्या मुलीने डोक्यावर धरलाय तोही क्रेनच. जपानी समजुतीत हा पक्षी हजार वर्षं जगतो. असे हजार पक्षी घडले की इच्छा पुरी होते, असं मानतात. मराठीत तिथे 'बगळे' लिहिलं की दीर्घायुष्याची सगळी आस पुसली जाते आणि वाचकाच्या मनात उभा राहतो बकध्यान लावून बसलेला ढोंगी! 'कागदी क्रौंच' लिहा.

याच घराण्यातले आणखी काही शब्द ओळखू येत नाहीत. 'पेडिग्री' म्हणजे वंशावळ. वंशवृक्षातल्या फाट्यांची खूण क्रौंचाच्या पायासारखी दिसते म्हणून जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द. 'जिरॅनियम' या फुलझाडाचं बोंड क्रौंचाच्या चोचीसारखं, म्हणून ते नाव. 'क्रेन फ्लाय' मात्र पक्षी नाही, लांब तंगड्यांचा कीटक आहे. त्याला 'उडता क्रौंच' करून ठेवू नका.

भाषांतरात 'क्रेन' आला आणि अडलात, तर आधी गाव बघा. गोष्ट उत्तर प्रदेशातल्या शेतात घडत असेल तर बहुधा सारस, तिथला तो राज्यपक्षीच आहे. राजस्थानातल्या खीचनला हिवाळ्यात हजारोंनी उतरणारे आणि गावकऱ्यांनी टाकलेले दाणे टिपणारे क्रेन असतील, तर तिथले लोक त्यांना 'कुरजां' म्हणतात. तेच नाव ठेवा.