साताऱ्यातल्या जुन्या वाड्याची मालकी शोधायला निघण्याआधी

सिटी सर्व्हे ऑफिसची पायरी चढण्याआधी घरच्या घरी वंशावळ कागदावर उतरवा. पणजोबांपासून प्रत्येकाचं पूर्ण नाव, मृत्यूचं साल आणि लेकीसुद्धा, माहेरच्या-सासरच्या दोन्ही नावांनिशी. जुन्या वारस नोंदींतून लेकींची नावं सर्रास गाळलेली दिसतात. हा त्यांच्यावरचा अन्याय आहेच, शिवाय पुढचा व्यवहारही नेमका तिथेच अडतो. गौरी-गणपतीत सगळे जमले की आत्यांना, थोरल्या काकूंना निवांत विचारा: वाटणी कधी झाली, माडीवर भाडेकरू कोण होते, मागचा सोपा (ओसरी) कुणाच्या वाट्याला गेला.

मग ट्रंका आणि फडताळं उघडा. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, सनद, घरपट्टीच्या पावत्या, जे निघेल ते ठेवा. लॅमिनेशन मात्र करू नका. फोटो दोन्ही बाजूंनी घ्या, कारण नोंदणीचे शेरे आणि शिक्के बरेचदा पाठीमागे असतात. तारीख शकाची असेल तर 78 मिळवा: शके 1845 चा कागद 1923 चा, पण पौष, माघ किंवा फाल्गुनातला असेल तर 1924 चा. मोडीतले कागद जाणकाराकडून वाचून घ्या. अंदाजाने वाचलेलं एक नाव सगळा शोध भलतीकडे नेतं.

जुन्या खतात सिटी सर्व्हे नंबर सापडेलच असं नाही, चतुःसीमा मात्र असते: पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस बोळ. म्हणून आजूबाजूच्या घरांचे नंबर आणि जुने मालकही टिपून ठेवा. शेजाऱ्यांशी बोलणं असेल तर त्यांची खतं पाहायला मागा. आपल्याकडचा कागद हरवलेला असतो, पण त्यांच्या खतात आपले पणजोबा ‘पश्चिमेस’ उभे असतात. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो.

मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) ऑनलाइन निघतं, तेवढ्यावर थांबू नका. चौकशी नोंदवहीच्या, म्हणजे सिटी सर्व्हे झाला तेव्हा मालकीची चौकशी करून लिहिलेल्या वहीच्या, उताऱ्यासाठीही अर्ज करा. पत्रकावरच्या प्रत्येक फेरफारासमोर दस्ताचा प्रकार आणि तारीख लिहा. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. एकट्याचा मालक समजू नका. ‘अ.पा.क. आई’ (अज्ञान पालनकर्ती आई) असेल तर मालक तेव्हा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन होता, त्या काळात झालेली विक्री जपून तपासा. मुदत खरेदी, म्हणजे ठरल्या मुदतीत पैसे फेडून परत घेण्याच्या अटीवरची विक्री, दिसली तर घर सोडवून घेतल्याचा कागद सापडलाच पाहिजे.

नगरपालिका 1853 ची आहे, जुनी आकारणी रजिस्टरं विचारून पाहा. घरपट्टी नावावर असली म्हणून मालकी ठरत नाही, पण कोण राहत होतं हे कळतं. दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू, नोंदलेल्या दस्तांची सूची) शोधताना अंदाजे साल आणि घेणार-देणार दोघांची नावं हाताशी हवीत. वकील साधारण 30 वर्षांचा सर्च (नोंदलेल्या दस्तांचा शोध) घेतात. वाड्यासाठी मागे कुठवर जायचं ते आधीच ठरवून सांगा.

जिथे नाव बदललं पण दस्त सापडला नाही, ती सालं वेगळ्या पानावर काढा आणि वकिलांसमोर तेच पान आधी ठेवा.