दगडी खिडकीचा घाम

खानापुरातल्या आमच्या जुन्या घराच्या खिडक्यांना दगडी चौकटी. दर पावसाळ्यात भोवती काळी बुरशी. आधी गवंड्याकडून दरजा सिमेंटने भरून घेतल्या. ओल आतच कोंडली, बुरशी वाढली. पैसे गेले ते गेलेच.

मग लक्षात आलं, पाणी बाहेरून कमी, घरातूनच जास्त येतंय. न्हाणीतली वाफ, खोलीत वाळत घातलेले कपडे. दमट हवा गार दगडाला लागली की त्याला घाम सुटतो.

उन्हाळ्यात सिमेंट खरवडून दरजा चुन्याने भरल्या. चुन्यातून ओल बाहेर पडते. बुरशी ओल्या फडक्याने पुसली, कोरडी झाडली तर घरभर उडते. खिडकीलगतचं कपाट चार बोटं सरकवलं. आईची कुरकुर सोसून कपडे पडवीत नेले. यंदा एका कोपऱ्यात तेवढे ठिपके आले.