सालीतून निघणारे कीटक पकडताना या चुका टाळा

ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आमच्या सोसायटीत एक जुना आंबा आहे. खोडातून भुसा गळू लागला की सगळे फवारणीवाल्याला बोलवायला निघतात. आत नेमकं कोण आहे ते आधी कळायला हवं, असं मला वाटतं. म्हणून खोडाचा तेवढाच भाग जाळीने वेढायचा आणि वरच्या टोकाला पारदर्शक बाटली उपडी बसवायची. बाहेर पडलेला कीटक उजेडाच्या ओढीने वर चढतो आणि बाटलीत येतो.

पहिली चूक जागा निवडतानाच होते. गोल, कोरडं, मोठं भोक दिसलं की लोक तिथे जाळी लावतात. पण ती बाहेर पडायची वाट आहे, भुंगेरा कधीच उडून गेलेला असतो. ताजा भुसा पडतोय ती जागा धरा, तीही मे महिन्यात. आंब्याचं भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा हा भुंगेरा, पावसाच्या तोंडावर बाहेर येतं.

मच्छरदाणी वापरू नका. मी वापरली होती. सकाळी तिला भोक पडलेलं होतं. 4-5 सेंटीमीटरचा, लाकूड कुरतडून आलेला भुंगेरा तो! खिडकीला लावतात ती बारीक तारेची जाळी घ्या आणि तिच्यावर काळं कापड गुंडाळा, म्हणजे उजेड फक्त बाटलीतून दिसेल. प्लास्टिक मात्र नको. आत पाणी सुटतं, बुरशी धरते.

सगळ्यात महाग पडते ती कडांची फट. आंब्याची साल भेगाळलेली, नुसत्या सुतळीने जाळी तिला चिकटत नाही. वर-खाली फोमच्या पट्ट्या दाबून मग बांधा. फट राहिली तर आतले निसटतात, बाहेरचे शिरतात आणि बाटलीतला कीटक याच खोडातून आला असं म्हणता येत नाही. शिवाय तुडतुडे भेगांत नुसते आडोशाला बसलेले असतात, म्हणून पहिल्या दोन दिवसांत सापडलेले कीटक वेगळे नोंदवा.

रोज सकाळी बाटली बघा, नाहीतर मुंग्या फक्त पंख शिल्लक ठेवतात. खिळे ठोकू नका. रस्त्यावरच्या झाडासाठी महापालिकेला विचारा. येऊरला लागून असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय काहीही बांधू नका.

आणि भुसा थांबला म्हणून जाळी सोडू नका. अळी कोषात गेली की भुसा पडायचा थांबतोच. भुंगेरा अजून आतच असतो.